मंगळवारची देवी आणि रोजची गोळी

त्या वर्षी माझं देवीशी बोलणं बंद होतं. देवळासमोरून जाताना हात जोडायचे, कारण आजूबाजूला चार बाया बघत असायच्या; पण मनातल्या मनात म्हणायचे, 'तुझं तू पाह्य, माझं मी पाहीन.' लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून दर नवरात्रात तिची ओटी भरली, उपास धरले, तिच्या साडीला फॉल लावून दिला, आणि तिनं मला काय दिलं? उजव्या छातीत गाठ! नागपूरला ऑपरेशन झालं, ती बाजू गेली, पुढं सलाइनमधून औषधं चढली, डोक्यावरचे केस गेले आणि हळूहळू परतही यायला लागले. एवढं सगळं सोसून घरी निघाले, तर डॉक्टरीणबाईंनी हातात गोळ्यांच्या पट्ट्या ठेवल्या. म्हणाल्या, गाठ परत उगवू नये म्हणून ही गोळी रोज एक, काही वर्षं घ्यायची, चुकवायची नाही. आमचे हे एस.टी.त आमचं गाव, बोरी अरब, येईपर्यंत त्या पट्ट्या उलट्यासुलट्या करून पाहत होते. शेवटी म्हणाले, "बरी झाली ना तू? मंग आता गोळी कायले?" मला काही नीट सांगता आलं नाही, पण घ्यायला मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली.

गोळीनं थोड्याच दिवसांत आपले रंग दाखवले. बसल्या जागी पोटातून एक भपका उठायचा, छातीवरून मानेत चढायचा, मानेतून कानात, आणि बघता बघता मी घामानं न्हाऊन निघायचे. तो ओसरला की हुडहुडी भरायची. सकाळी बोटांचे सांधे असे धरलेले असत की सुईत दोरा ओवायला ह्यांना हाक मारावी लागे. ते दोरा ओवताना जीभ बाहेर काढतात. ते पाहून मला पुन्हा भपका यायचा. मी शिवणकाम करते, बायांचे ब्लाउज शिवते. जिभेनं मी आधीपासूनच तिखट, ते काही गोळीवर ढकलत नाही. पण एक गिऱ्हाईक नुसतं "बाही जराशी ढिली वाटते" म्हणालं म्हणून तो ब्लाउज मी तिच्यासमोर टराटरा उसवला, हे मात्र माझ्याही स्वभावात बसणारं नव्हतं.

आणि मग आली नवरात्रातली अष्टमी. देवळात बाया एकमेकींना खेटून उभ्या, कापराचा धूर, ढोल, झांजा. मी रुसलेलीच, पण गेले नाही तर गाव विचारतं, म्हणून एका खांबाला टेकून उभी होते. आरती अर्ध्यावर आली आणि भपका उठला. आजवरचा सगळ्यात मोठा! तोंड लालबुंद झालं, घामाच्या धारा लागल्या, श्वास फुलला. नुकते परत आलेले केस ते, डोक्यावरचा पदर घसरला तसे सगळे ताठ उभे राहिले. मी डोलत डोलत पदरानं वारा घेतला आणि जीव खाऊन ओरडले, "सरका! सरका म्हणते ना! हवा येऊ द्या!" झांजा थांबल्या. आमच्या देवळातल्या बायांची पुढारी म्हणजे पार्बताबुढी. तिनं माझ्याकडे एकवार डोळे फाडून पाहिलं आणि माझ्या पायांवर सरळ लोटांगण घातलं. "आली व माय! देवी आली!"

मग काय विचारता! कुणी कपाळभर कुंकू चोपडलं, कुणी लिंबू उतरवलं, कुणी ओटीत नारळ कोंबला. मी बापडी सांगत होते, "गोळीनं होते व हे, गोळीनं!" पण ढोल पुन्हा सुरू झाला होता. जिच्या अंगात आलं तिचं कोण ऐकतं? तिच्या तोंडून देवी बोलते असं सगळे मानतात, आणि देवीला काय म्हणायचं आहे ते आमच्याकडे पार्बताबुढी ठरवते.

पुढच्या मंगळवारपासून आमच्या ओसरीत माणसं जमायला लागली. मी म्हणायचे, उठा, मला शिवणाचं काम आहे, पार्बताबुढी म्हणायची, "पाह्य, देवी कशी परीक्षा पाहून राह्यली!" कुणाच्या म्हशीचा प्रश्न, कुणाच्या सुनेचा. पण बहुतेकांचा प्रश्न एकच. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, आणि घरोघरी गेल्या हंगामाचा कापूस छतापर्यंत रचून माणसं भावाची वाट पाहत होती. गावातल्या नामदेवभाऊनं हात जोडून विचारलं, "माय, कापूस इकू का ठेवू?" नेमका तेव्हाच भपका उठला आणि मी ओरडले, "दार उघडा, दार!" नामदेवभाऊ तसाच उठला, घरी जाऊन कापसाच्या खोलीचं दार उघडलं, गाडी भरली आणि दारव्ह्याच्या बाजारात विकून मोकळा झाला. पुढच्याच आठवड्यात भाव आणखी पडला. मग मात्र माझी कीर्ती जीपमध्ये बसून गावोगाव गेली. घरात नारळ इतके झाले की चटणीत नारळ, वड्या नारळाच्या, वांग्याच्या भाजीतही नारळ. हे म्हणाले, "देवीले सांग ना, आता केळं आणा म्हणा."

आणि ह्यांचा स्वतःचा कापूस? तो आमच्याच घरात, माझ्या मशीनच्या पाठीशी आढ्याला टेकलेला. आधीच अंगात जाळ, त्यात पाठीमागं कापसाचा डोंगर! मी म्हटलं, "सारा गाव मले इचारून कापूस इकून राह्यला, तुम्ही काहून नाही इचारलं?" तर शांतपणे म्हणतात, "घरच्या देवीले कोण इचारते?"

या सगळ्यात एकटी शहाणी होती ती आमची शेजारीण सुजाताबाई. तिच्या आजेसासऱ्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून त्यांच्या घरात देव नाहीत, अंगात येणं नाही. पण मंगळवारी ती तुरीची डाळ निवडायला घेऊन आमच्या उंबऱ्याशी न चुकता बसायची, खास मजा पाहायला. नागपूरला ऑपरेशनच्या वेळी माझ्या उशाशी हीच होती, त्यामुळे हा जाळ कशाचा हे तिला पक्कं ठाऊक. म्हणायची, "देवी अंगात आलेली लय पाह्यली, गोळी अंगात आलेली पहिल्यांदाच पाहून राह्यली." पण सगळे गेले की तिचा सूर बदलायचा. "बाई, तुले देवी बनायचं तं बन, राक्षसीण बनायचं तं बन. गोळी मात्र सोडू नको."

मी सोडली. दिवाळी झाली, लग्नसराई लागली, एका नवरीचा ब्लाउज कापायला घेतला आणि आखडलेल्या बोटांतून कात्री घसरली. गळ्याच्या जागी कापडाला हातभर चीर. त्या पोरीचं तोंड आठवलं की अजून जीव तुटतो. त्याच दिवशी उरलेल्या सगळ्या पट्ट्या उचलल्या आणि देवघरात देवीच्या तसबिरीमागं खोचून टाकल्या. म्हटलं, "तुलेच यायचं होतं ना माझ्या अंगात? घे मंग, आता तूच खा." देवीशी मी इतक्या महिन्यांनी बोलले ते हे असं.

खरं सांगते, फार बरं वाटलं. बोटं सुटली, भपके कमी कमी होत थांबले, डोकं शांत झालं. आमचे हे एकदा भीत भीत म्हणाले, "आज भाजीत मीठ कमी आहे," आणि काही उडून त्यांच्या अंगावर आलं नाही, तेव्हा त्यांनी चक्क देवीला हात जोडले. फक्त मंगळवारी पंचाईत व्हायची. माणसं बसून राहायची, पार्बताबुढी कापूर जाळून जाळून ओसरी काळी करायची, आणि मी कोरडी ठणठणीत बसलेली. पण आंघोळीला बसले की माझा हात आपोआप डाव्या बाजूला जायचा. तिथं काही लागत नाही ना, हे चाचपत बराच वेळ तशीच बसायचे, पाणी निवून जायचं. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती. गोळी घेतली तर जगणं नकोसं होतं, नाही घेतली तर जगायला मिळेल की नाही हेच कळत नव्हतं, आणि दवाखान्यात जाऊन हे सांगावं तर डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून जीव धजत नव्हता. सुजाताबाईलाही सांगितलं नव्हतं.

अशाच एका मंगळवारी ती बाई आली. उमरखेडकडच्या एका तांड्यावरची, दोन एस.टी. बदलून आलेली, माझ्याच वयाची, बंजारा समाजातली. नाव सोनीबाई. तिनं पदर उजवीकडून घट्ट ओढून घेतला होता आणि तिचा ब्लाउज एका बाजूला मोकळा लोंबत होता. शिवणाऱ्या बाईच्या नजरेला ते आधी दिसतं. ती माझ्यासमोर बसली, पिशवीत हात घातला आणि माझ्या पायांशी गोळ्यांच्या पट्ट्या ठेवल्या. त्याच! तीच चंदेरी पट्टी, तीच निळी अक्षरं. काही तर फोडलेल्याही नव्हत्या.

"याडी," ती म्हणाली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. "याडी, माही गाठ काढली. मंग हे गोळ्या देल्या. खाल्ल्या तं अंगात आग लागते, हाडं दुखते, नवऱ्याच्या अंगावर धावून जाते मी. तांड्यावरचे म्हणते, इले भूत लागलं. सोडल्या तं जीव भेते. माही पोरगी लहान आहे अजून. तू सांग, खाऊ का नको?"

एकच गोळी! आमच्या गावात तिची देवी झाली आणि तिच्या तांड्यावर भूत. एरवी मी खो खो हसले असते. पण ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि तिचा प्रश्न माझाच होता, अगदी शब्दानं शब्द. उंबऱ्यावर सुजाताबाईचा डाळ निवडणारा हात थांबला. मी ठरवलं, आता पुरे झालं. हिला सांगायचं की बाई, मी देवीबिवी कुणी नाही, माझ्याही गोळ्या तसबिरीमागं पडल्या आहेत, मला काही विचारू नको. तोंड उघडलं, आणि पोटातून भपका उठला.

गोळी बंद होऊन कितीतरी दिवस झाले होते. भपका येणं कधीच थांबलं होतं. तरी तो उठला, छातीवरून मानेत, मानेतून कानात, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "खाय! सोडू नको! पण मुकाट्यानं सोसूही नको. जे जे होते ते डाक्टरले सांग, भांडून सांग! जाय त्याहिच्यापाशी. आन् एकटी नको जाऊ, हिले संगं ने!" आणि 'हिले' म्हणताना माझाच हात वर झाला आणि माझ्याच छातीवर आपटला. पार्बताबुढीनं कापराची वाटी खाली ठेवली आणि अर्थ सांगितला, "देवी म्हणते, इनं तिच्या संगं दवाखान्यात जावं." तिनं सांगितलेला अर्थ पहिल्यांदाच बरोबर निघाला.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई ठरलेल्या दिवशी यवतमाळला तपासायला येत असत. त्या दिवशी सोनीबाई आणि मी आमच्या गावातून जीपमध्ये बसलो. मागच्या सीटवर एका अंगाला देवी, दुसऱ्या अंगाला भूत, मध्ये एका काकांची कोंबडी. जीप गावाबाहेर पडल्यावर मी पिशवीतून माझ्या पट्ट्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या. तसबिरीमागून काढलेल्या, कुंकवाचे डाग पडलेल्या. तिनं त्या पाहिल्या, माझ्या छातीकडे पाहिलं, माझ्या आखूड केसांकडे पाहिलं, आणि अशी हसायला लागली की ड्रायव्हरनं वळून पाहिलं. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मीही रडले, हसलेही. मग हसू आवरून तिनं विचारलं, "मंग तू देवी नाही?" मी म्हटलं, "नाही व बाई." ती म्हणाली, "मंग त्या दिवशी सांगितलं कोणं?" कोंबडी तेवढी काहीतरी बोलली.

डॉक्टरीणबाईंसमोर बसले तेव्हा वाटलं, उठून परतीची जीप धरावी. पण भांडून सांग असा हुकूमच होता. मी सगळं सांगितलं. भपके, बोटं, नवरीचा ब्लाउज, देवी, नारळ, तसबीर. नारळापर्यंत त्यांनी हसू कसंबसं दाबलं होतं, तसबिरीपाशी चष्मा काढून पुसायला घेतला. मला वाटलं, आता ओरडतील. म्हणून मीच आधी चढले. म्हटलं, "बाई, मी ब्लाउज शिवते. बोरीतल्या साऱ्या बायांले एकाच मापाचा ब्लाउज शिवून देला तं त्या मले गावात राहू देणार नाही. मंग तुम्ही साऱ्याइले एकच गोळी कशी देता?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे. पण मला सांगा, गिऱ्हाईक ब्लाउज घेऊन गेलं, काखेत टोचतो म्हणून ट्रंकेत टाकून दिला, आणि तुमच्याकडे परत आलंच नाही, तर तुम्ही माप कसं सुधारणार?" हे मीच माझ्या गिऱ्हाइकांना शंभरदा ऐकवलेलं होतं. टोचतं तर येऊन सांगा ना, उसवून देते!

मग त्यांनी आम्हा दोघींना वेगवेगळं तपासलं, रक्त घेतलं, बाकी कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं, पाळीचं विचारलं, जुने रिपोर्ट पाहिले. दोघींची पट्टी एकच होती, पण बाहेर पडलो तेव्हा दोघींचं माप निराळं होतं. मला कमी ताकदीची गोळी दिली, काही आठवडे ती घेऊन परत यायचं, सोसली तर जराशी वाढवू म्हणाल्या. सोनीबाईच्या हाडांचा त्रास जास्त, तिच्या गाठीची जातही वेगळी. तिची ताकद कमी करणं त्यांना बरोबर वाटलं नाही. तिची गोळी बदलली, घ्यायची वेळ बदलली आणि हाडांसाठी निराळं औषध दिलं. दोघींना एकच गोष्ट दोनदा बजावली. आपल्या मनानं गोळी अर्धी करायची नाही, सोडायची नाही, आणि एकमेकींची तर मुळीच खायची नाही. "मापात बसलेली रोज घेतली तर कामाची," म्हणाल्या. "तसबिरीमागं ठेवलेल्या गोळीचा देवीलासुद्धा उपयोग नाही."

निघताना मी त्यांना त्या शेवटच्या भपक्याचं विचारलं. गोळी बंद असताना तो आला कुठून? त्या म्हणाल्या, औषधाचा अंश शरीरात बरेच दिवस राहतो, घाबरल्यानंही अंग तापतं. असेल. त्या शिकलेल्या आहेत, मी त्यांच्याशी वाद घालत नाही. सुजाताबाईला विचारलं तर ती म्हणाली, "तुह्या मनात होतं तेच तुह्या तोंडून निघालं." तेही असेल. मला एवढंच माहीत आहे की मी 'मला विचारू नको' म्हणायला तोंड उघडलं होतं.

पुढं माझी गोळी दोनदा बदलून नीट बसली. भपके येतात, पण अंगण झाडून जातील एवढेच. बोटं सकाळी कुरकुरतात, दुपारपर्यंत ऐकतात. दोरा मी माझा ओवते. आमच्या ह्यांनी तो कापूस अखेर विकला, भाव काय मिळाला ते विचारू नका. पण विकण्याआधी मी त्यातला चांगला, किडकं बोंड नसलेला एक पसा काढून ठेवला होता. सोनीबाई पुढच्या खेपेला आली तेव्हा मी तिचं माप घेतलं आणि उजव्या बाजूला तो कापूस सरकी काढून भरला आणि ब्लाउज शिवला. माझ्या स्वतःच्या ब्लाउजात तोच भरते. तिनं तो घातला, आरशासमोर उभी राहिली, आणि पहिल्यांदा पदर सैल सोडला. बाजारात ज्याला कुणी विचारलं नाही, त्या कापसाचा एवढा मान झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

मंगळवारी आता आमच्या ओसरीत कुणी येत नाही. पार्बताबुढी म्हणते, देवी रुसली. रुसली नाही, आमची बोलचाल सुरू झाली आहे. पट्टी अजूनही देवघरातच असते, पण तसबिरीमागं नाही, पुढं. रोज सकाळी तिच्या पायाशी ठेवलेली गोळी उचलते, तीर्थाच्या घोटाबरोबर घेते आणि कुठं काय दुखतं ते तिला सांगते. आधी मला वाटायचं, शरण जायचं म्हणजे मुकाट सोसायचं, आणि नाही सोसलं तर रुसून बसायचं. आता वाटतं, शरण जाणं म्हणजे आपलं खरं माप देणं. कुठं टोचतं, कुठं घट्ट होतं, हे न लाजता सांगायचं, देवीलाही आणि डॉक्टरीणबाईंनाही. तिनं मला गाठ का दिली ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या गाठीच्या वाटेवर मला एकटी सोडलं नाही, याबद्दल तिचे उपकार मी मानते, अगदी मनापासून मानते.

यंदाच्या अष्टमीला सोनीबाई मुद्दाम आमच्या गावी आली, लेकीला घेऊन. देवळात तीच गर्दी, तोच ढोल. पार्बताबुढीनं कापूर दुप्पट जाळला आणि आशेनं माझ्यावर डोळा ठेवून उभी राहिली. आरती अर्ध्यावर आली तेव्हा कानाच्या पाळ्या जरा गरम झाल्या, तेवढंच. मी टाळ्या वाजवत राहिले. पार्बताबुढीनं सुस्कारा टाकला. सोनीबाई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "याडी, आली का?"

"येऊन गेली," मी म्हटलं. "चाल घरी, तुह्या गोळीची वेळ झाली."